बोलणाऱ्याची सही

६ फेब्रुवारी, सोमवार

आज शब्द वाटले. माझ्या वाट्याला 'फ्री' आला. समोरच्या टेबलावरच्या गृहस्थांना 'टेन्शन' मिळाला. त्यांना आम्ही क्रियापद म्हणतो, कारण ते एका जागी कधी बसत नाहीत. त्यांच्या घरात बायको, दोन मुली, सासूबाई आणि एकच न्हाणीघर. त्यांच्या चिठ्ठ्या उद्या दात घासून होईपर्यंत तयार असतील.

ही वही बाईंच्या सांगण्यावरून सुरू करतो आहे. बाई म्हणजे आमच्या मुख्य संपादक. "दिवसभर कानावर पडेल ते संध्याकाळी उतरवून ठेवत जा, तुमचं हल्ली राहून जातं," म्हणाल्या. राहून जात नाही, कानावर पडतच नाही. पण हे बाईंना कोण सांगणार.

नऊ वर्षं या कोशावर आहे, त्यामुळे व्याख्या केल्याशिवाय पुढे जाववत नाही. कोश आहे आपल्या बोलण्यात मुरलेल्या इंग्रजी शब्दांचा. पुस्तकातलं, टीव्हीवरचं किंवा रस्त्यावरच्या अनोळखी माणसाचं वाक्य चालत नाही. माणूस ओळखीचा हवा आणि वाक्य आपल्यासमोर बोललेलं हवं. ते एका चिठ्ठीवर लिहायचं. चिठ्ठीवर पाच रकाने: वाक्य, कोण बोललं, कोणाला, कुठे, कधी. एका अर्थाला किमान तीन चिठ्ठ्या. स्वतःचं वाक्य चालत नाही, सहकाऱ्यांचंही नाही. आणि वदवून घ्यायचं नाही. हवा तो शब्द समोरच्याच्या तोंडात घालून बाहेर काढला, तर बाईंना नुसत्या वासावरून कळतं.

आजचा हिशोब: कचेरी सोडून माझ्याशी बोललेली वाक्यं सहा. त्यांपैकी "पुढे सरका" दोनदा. 'फ्री' नाही.

८ फेब्रुवारी, बुधवार

खातं उघडलं. कोपऱ्यावरची दुकानदारीण म्हणाली, "हा साबण घ्या, यावर वाटी फ्री आहे." मी म्हटलं, एकट्या माणसाला वाट्या किती लागणार. "घ्या हो, असू द्या," म्हणाली. वाटी घेतली. आता घरात आठ वाट्या झाल्या.

न्हाव्याकडे दुसरी मिळाली. "पाच मिनिटं बसा, ही खुर्ची फ्री होतेच आहे." खुर्चीतल्या गृहस्थांच्या डोक्यावर मोजून तीसेक केस होते, त्याला पाऊण तास लागला. मला काय, मी बसलो. तिथे पंखा होता आणि लोक बोलत होते.

तिसरी सायकलवाल्याची. "पॅडल फ्री फिरतंय साहेब, चेन पकडतच नाही." या वाक्यावर मी खूश आहे. अडकायला हवं ते अडकत नाही, हा वेगळा अर्थ, कोणत्याच जुन्या कोशात नाही.

११ फेब्रुवारी, शनिवार

जेवायच्या टेबलावर चिठ्ठ्या मांडल्या. टेबल चार माणसांचं आहे, त्यामुळे जागा भरपूर.

दुकानाचे, रस्त्याचे, दवाखान्याचे अर्थ भरले. डॉक्टरांकडची मुलगीही उपयोगी पडली. "आतले पेशंट झाले की डॉक्टर फ्री होतील." पैसे न पडता मिळालेलं, रिकामी जागा, न अडकणारं, हातातलं काम संपलेलं, हे सगळं आहे. टेबलाचा उजवा भाग मात्र कोरा. तिथले अर्थ घरात बोलले जातात. "संध्याकाळी फ्री आहेस का?" हे कोणी कोणाला विचारतं? येणार असेल किंवा बोलावणार असेल तो विचारतो. "तो माझ्याशी अगदी फ्री आहे" हे कोण म्हणतं? ज्याच्याशी कोणीतरी मोकळेपणी बोलतं तो म्हणतो. आणि "एवढं झालं की आपण फ्री", हे म्हणायला 'आपण' लागतो.

नऊ चिठ्ठ्यांची जागा कोरी आहे. दोन जास्तीच्या धरून अकरा हव्यात.

१५ फेब्रुवारी, बुधवार

क्रियापदांनी माझ्या टेबलाचा कोरा भाग न सांगताच ओळखला. हलकेच म्हणाले, "रविवारी घरी या जेवायला. काही करायचं नाही, नुसतं बसून ऐकायचं. आमच्याकडे शब्द कमी पडत नाहीत हो, शांतता कमी पडते."

मी म्हटलं, "रविवारी जमणार नाही. काम आहे."

काम काही नाही. पण कोणाच्या घरी जेवायला जायचं आणि टेबलाखाली चिठ्ठी भरायची, हे माझ्याच्याने होणार नाही. शिवाय त्यांच्या बायकोने "तुमच्या घरी कोण कोण असतं?" असं विचारलं असतं. मागे एकदा विचारलं होतं.

१७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज एक गोष्ट केली. लिहून ठेवतो, म्हणजे ती किती साधी होती ते कळेल.

चिठ्ठी घेतली. वाक्य लिहिलं: "शनिवारी फ्री असलास तर ये रे, पडदे काढायचेत, तुझा हात पोचतो." कोण बोललं: बहीण. कोणाला: मला. कुठे: तिच्या स्वयंपाकघरात. कधी: गेल्या रविवारची तारीख.

वाक्य खरं आहे. म्हणजे असं वाक्य जगात नक्की असतं. कुठल्या तरी स्वयंपाकघरात कुठली तरी बहीण आत्ता हे बोलत असेल. मी फक्त पत्ता बदलला.

मग दुसरी सुचली. "तुझ्याशी फ्री आहे म्हणून बोलते, ह्यांच्यासमोर बोलता येत नाही." मग तिसरी. मनगट दुखेपर्यंत लिहिलं आणि अकरा झाल्यावर थांबलो. इतका वेळ ताई घरात बोलते आहे असं वाटत होतं. जेवण गार झालं ते लक्षातच आलं नाही.

२१ फेब्रुवारी, मंगळवार

बाईंनी चिठ्ठ्या वाचल्या आणि मोठ्याने हसल्या. मी नऊ वर्षांत त्यांना कचेरीत असं हसताना पाहिलं नव्हतं. "तुमच्या ताई काय झकास बोलतात हो. इतके दिवस लपवून का ठेवलंत त्यांना?"

मी म्हटलं, "तिच्या पायाला लागलंय, ती फारशी बाहेर पडत नाही."

हे कुठून आलं मला माहीत नाही. तोंडातून गेलं खरं.

२२ फेब्रुवारी, बुधवार

क्रियापदांनी आल्या आल्या विचारलं, "ताईंचा पाय काय म्हणतो?" मी म्हटलं, सूज आहे. त्यांच्या सासूबाईंचाही पाय असाच झाला होता म्हणे, त्यांना गरम पाण्याच्या पिशवीने गुण आला. दुपारच्या सुट्टीत माझ्याबरोबर येऊन त्यांनी पिशवी निवडून दिली. निळ्या रंगाची आहे. "ताईंना सांगा, झाकण नीट लावायचं, नाहीतर पाय राहील बाजूला आणि गादी भिजेल."

पिशवी कपाटात ठेवली. खरं सांगायचं तर आजचा दिवस चांगला गेला. कोणीतरी माझ्या माणसाची विचारपूस केली.

२४ फेब्रुवारी, शुक्रवार

सगळं ओमफस् झालं.

छापणाऱ्यांच्या वकिलांचं पत्र आलं. लोकांची खाजगी वाक्यं छापायची तर त्यांची परवानगी हवी. प्रत्येक चिठ्ठीच्या मागे बोलणाऱ्याची सही, सहा मार्चपर्यंत. क्रियापद डोक्याला हात लावून बसले, सासूबाई सही करायला पेन शोधण्यातच आठवडा घालवतील म्हणाले. बाई माझ्याकडे वळल्या. "तुमचं सोपं आहे. ताईंकडे एकदा जाऊन बसलं की अकरा सह्या."

मी मान हलवली. घरी येईपर्यंत मान हलतच होती बहुतेक, कारण बसमधल्या एका बाईने मला बसायला जागा दिली.

२५ फेब्रुवारी, शनिवार

खोट्या चिठ्ठीचा नियम या कचेरीत सगळ्यांना पाठ आहे: एक खोटी सापडली की त्या माणसाचा चिठ्ठ्यांचा अख्खा खण संशयित. माझ्या खणात चारशे बारा शब्द आहेत.

हा नियम मीच करायला लावला. पाच वर्षांपूर्वी खिडकीजवळ एक तरुण गृहस्थ बसायचे. त्यांच्या चिठ्ठ्यांवर सारखे एक मामा यायचे. मामा फार छान बोलायचे. एक वाक्य अर्ध्यावर सोडायचे नाहीत, 'अं' नाही, 'ते हे' नाही. मला तेव्हाच संशय आला. खरा माणूस इतकं पुरं बोलत नाही. मी बाईंना सांगितलं. चौकशीत मामा निघालेच नाहीत. ते गृहस्थ जाताना मला एवढंच म्हणाले, "तुम्हाला आहे का मामा?" मी म्हटलं, त्याचा इथे काय संबंध.

दुपारभर ताईची सही काढून पाहिली. लहानपणी माझ्या प्रगतिपुस्तकावर बाबांची सही ताईच ठोकायची, गणितात कमी पडले की. बाबांचा तो उलटा फाटा तिला इतका जमायचा की बाबांनाही कळलं नसतं. मला तिची सही जमत नाही. मुळात तिची सही आता कशी आहे हेच माहीत नाही. सहा वर्षं झाली.

२६ फेब्रुवारी, रविवार

कोणी वाचणार नाही, तेव्हा लिहायला हरकत नाही. ताईशी मी सहा वर्षं बोललेलो नाही.

आई सात वर्षं अंथरुणावर होती. ताईचा संसार होता, मुलगी शाळेत होती, भाऊजींची फिरतीची नोकरी. माझं लग्न झालेलं नव्हतं. "तू फ्रीच आहेस ना," हे वाक्य ताईने किती वेळा म्हटलं असेल त्याला गणती नाही. त्या चिठ्ठ्या केल्या असत्या तर वेगळा खण लागला असता. मी कोशाचं काम घरी आणायचो, आईला कूस बदलून द्यायचो आणि पुन्हा कामाला बसायचो. तक्रार नाही. कोणीतरी करायलाच हवं होतं.

आई गेल्यावर चौथ्या दिवशी ताई चादरींच्या घड्या घालत होती. घड्या घालता घालता म्हणाली, "आता तरी तू फ्री झालास."

मी तिची पिशवी उचलली, तिच्या हातात दिली आणि दार उघडलं. एक शब्द बोललो नाही. तिने वर्षभर फोन केले, मी घेतले नाहीत. मग तिने करणं सोडलं. माझं काय चुकलं? आई म्हणजे काय अडकलेलं काम होतं का, संपलं की सुटलो म्हणायला?

आईच्या शेवटच्या दिवसाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. ताईला झाल्यावर कळवलं. आधी कळवायला वेळच नव्हता.

१ मार्च, बुधवार

पत्र लिहिलं, फाडलं. दुसरं लिहिलं. "चिरंजीव ताई" असं सुरू झालं. ती माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी आहे. फाडलं.

रविवारी वेळ नव्हता असं लिहिलं आहे. ते बरोबर नाही. दुपारी चारपासून साडेसातपर्यंत वेळ होता. ताईच्या घरून माझ्या घरी बसने चाळीस मिनिटं लागतात. नोंद अचूक असावी म्हणून एवढंच.

४ मार्च, शनिवार

आज गेलो.

दार ताईनेच उघडलं. केस सगळे पांढरे झालेत. तिने मला वरून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "बारक्या, पोट केवढं सुटलंय तुझं."

छप्पन्न वर्षांचा माणूस मी. मला बारक्या म्हणणारी जगात ती एकटीच उरली आहे. मी चपला काढत बराच वेळ वाकून राहिलो.

भाऊजी आतून आले, माझ्याकडे पाहून "अरे वा" म्हणाले आणि पेपर घेऊन गच्चीत गेले. ताईने चहा केला. चहात साखर किती हे तिने विचारलं नाही. बिनसाखरेचा दिला, पूर्वी मी तसा घ्यायचो. आता घेतो साखर. सांगितलं नाही.

"काय काम काढलंस?" ती म्हणाली. "सहज येणारा नाहीस तू."

मी चिठ्ठ्या काढून टेबलावर ठेवल्या आणि सगळं सांगितलं. मामाचंही सांगितलं. ती चष्मा लावून एकेक वाचायला लागली. दवाखान्यात रिपोर्ट वाचतात तशी वाचत होती.

"मी 'हात पोचतो' म्हणत नाही, 'हात पुरतो' म्हणते."

"हो."

"आणि ह्यांच्यासमोर बोलता येत नाही, हे मी म्हणेन? मी काय ह्यांना घाबरते? गच्चीतनं ऐकू येतंय त्यांना, विचार."

"तू घाबरत नाहीस."

"ही बघ. 'जेवल्याशिवाय सोडणार नाही, फ्री असशील नसशील.' हे बरंय." तिने ती चिठ्ठी जरा लांब धरली. मग सगळ्या एकत्र केल्या, कडा जुळवल्या आणि टेबलावर ठेवल्या. "यात मी किती चांगली आहे रे. कोण बाई आहे ही? मला भेटायला आवडेल हिला."



"सही करणार नाही मी. तुझ्या प्रगतिपुस्तकावर करायचे, तेव्हा निदान मार्क तरी खरे असायचे. हे सगळं तुझ्या मनातलं आहे."

"माझी नोकरी जाईल ताई."

"जाईल तर जाईल. मी न बोललेल्यावर मी सही कशी करू?" मग म्हणाली, "जे बोलले ते कुठे लिहिलंयस? चादरींच्या घड्या घालताना बोलले होते ते?"

म्हणजे तिलाही ते पाठ होतं. मी म्हटलं, ते लिहिलेलं नाही.

"ते लिही. त्याच्यावर करते सही." ती चष्मा पुसत होती. "सात वर्षं तुझी पाठ गादीला नीट लागली नव्हती. त्या दिवशी सकाळी तू नऊ वाजेपर्यंत झोपला होतास, तोंड उघडं टाकून, लहानपणी झोपायचास तसा. मला बरं वाटलं. वाटलं ते बोलले. चुकलं असेल माझं. पण दारच उघडलंस तू, ऐकून तरी घ्यायचंस."

मला त्या सकाळी उठल्यावर बरं वाटलं होतं. हलकं वाटलं होतं. हे मी सहा वर्षांत कोणाला सांगितलेलं नाही, आणि आजही ताईला सांगितलं नाही. पण तिच्याविरुद्ध माझ्याकडे आता काही उरलं नाही, हे तिथेच लक्षात आलं, आणि त्याने सुटल्यासारखं न वाटता मला भीती वाटली.

चिठ्ठी भरली. तिने सही केली. सहीत अजून बाबांचा तो उलटा फाटा आहे.

मग ती म्हणाली, "एक विचारू? तेव्हा विचारायचं राहिलं, नंतर तू फोनच घेतले नाहीस. आई शेवटी काही बोलली का?"

"नाही."

"काहीच नाही?"

"झोपेतच गेली."

तिने मान डोलावली. "बरं झालं," म्हणाली, "त्रास नाही झाला." मग चहाच्या कपबशा उचलून आत गेली. नळ बराच वेळ चालू होता. भाऊजी गच्चीतून म्हणाले, "जेवून जा हो." मी म्हटलं, काम आहे.

५ मार्च, रविवार

आई झोपेत गेली नाही.

दुपारी चार वाजता तिने डोळे उघडले आणि विचारलं, "थोरली आली का रे?" ताईला ती थोरली म्हणायची. मी म्हटलं, "ती आज फ्री नाही गं." फोन केला नव्हता. आदल्या आठवड्यात मी ताईला दोन दिवस येऊन राहा म्हटलं होतं. तेव्हा "तू तर फ्रीच आहेस, जरा निभावून ने ना, हिची परीक्षा आहे," असं म्हणाली होती. तो राग होता. म्हटलं, राहू दे. परीक्षा आहे ना, असू दे. आणि आई असं पूर्वीही विचारायची, आणि दुसऱ्या दिवशी उठून पेज मागायची. मला काय माहीत.

सव्वापाचला पुन्हा विचारलं. सव्वासहाला पुन्हा. दोन्ही वेळा मी तेच वाक्य म्हटलं. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "असू दे, कामात असेल." साडेसातला गेली.

चाळीस मिनिटांची बस. दर दहा मिनिटांनी असते.

आज दिवसभर घरात एकही वाक्य झालं नाही. हे मोठ्याने वाचून पाहिलं. नुसतं लिहिलेलं चांगलं दिसत होतं, मोठ्याने वाचवलं नाही.

६ मार्च, सोमवार

अकरा चिठ्ठ्या आणि एक चिठ्ठी वेगवेगळ्या करून बाईंपुढे ठेवल्या. "या खोट्या आहेत, ही खरी आहे," म्हटलं. क्रियापद पहिल्यांदाच जागेवर स्थिर बसले.

बाईंनी अकरा पुन्हा वाचल्या. या वेळी हसल्या नाहीत. "शंका आली होती मला," म्हणाल्या. "तुमच्या ताई एकदाही तुम्हाला कशावरून बोलल्या नाहीत. सख्खी बहीण आणि अकरा चिठ्ठ्यांत एक टोमणा नाही. पण मला वाटलं, असेल एखाद्याचं भाग्य." मग बारावी वाचली, उलटून सही पाहिली आणि तिच्यावर हात ठेवला.

नियम नियमाच्या जागी. माझा खण बंद झाला. चारशे बारा शब्द दुसरं कोणीतरी तपासणार, प्रत्येक माणसाला पुन्हा भेटून. तोपर्यंत मी यायचं नाही, आणि नंतरचं नंतर. 'फ्री' क्रियापदांकडे गेला. ते मला जिन्यापर्यंत सोडायला आले. ताईंचा पाय तरी खरा होता का, असं त्यांनी विचारलं नाही. त्यांना विचारायचं होतं हे दिसत होतं. मीच म्हटलं, "पिशवी तुमच्या सासूबाईंना पाठवतो." ते म्हणाले, "आमच्याकडे आहे हो." मग म्हणाले, "रविवारी या. आता तर चिठ्ठीही नाही."

घरी येऊन एक कोरी चिठ्ठी घेतली. खिशात एक राहिली होती.

वाक्य: ती आज फ्री नाही गं.
कोण बोललं: मी.
कोणाला: आईला.
कुठे: तिच्या खाटेपाशी.
कधी: दुपारी चार, सव्वापाच, सव्वासहा. खाली तारीख.

स्वतःचं वाक्य चालत नाही, पण ही कोशात जायची नाही. मागच्या बाजूला लिहिलं: "आई 'थोरली आली का' असं तीनदा विचारत होती. मी तुला फोन केला नाही. परवा खोटं बोललो." खाली सही केली. बोलणारा मीच, तेव्हा या सहीसाठी कोणाकडे जावं लागलं नाही. पाकिटात घालून ताईच्या पत्त्यावर टाकली. पेटीत पडल्याचा आवाज आला, मग मी हात घालून पाहिला, पोचत नव्हता.

१० मार्च, शुक्रवार

टपाल दोन दिवसांत पोचतं. फोन नाही. दुकानदारीण म्हणाली, "साहेब, आज कामावर नाही?" नाही म्हटलं. तेवढंच.

१३ मार्च, सोमवार

नाही.

काल क्रियापदांकडे गेलो होतो. तीन तासांत त्यांच्या सासूबाई माझ्याशी मोजून दोन वाक्यं बोलल्या, पण दोन्ही वेळा ताटात काहीतरी वाढत बोलल्या. मुली भांडत होत्या. मी ऐकत बसलो. येताना जिन्यात मला रडू आलं. कोणी पाहिलं नाही.

१९ मार्च, रविवार

सकाळी अकरा वाजता फोन वाजला. ताईचा होता.

मी हॅलो म्हटलं. पलीकडून काही नाही. श्वास ऐकू येत होता. मागे भाऊजी कोणाला तरी जिना धुवायला सांगत होते, मग दार लागलं, मग तेही बंद झालं.  मी सांगायचं ते सगळं लिहून दिलं होतं. ती फोन ठेवेल असं वाटत होतं, आणि तिने ठेवला असता तर तिचं काही चुकलं नसतं. किती वेळ गेला माहीत नाही. मी उभा होतो, मग खाली जमिनीवर बसलो.

शेवटी ती म्हणाली, "तुला माणसांचं बोलणं बरोबर लक्षात राहतं. तुझं कामच ते."

"हो."

"आई कशी म्हणाली ते म्हणून दाखव."

मी म्हटलं, "ताई..."

"तिच्या आवाजात. जसं म्हणाली तसं."

मी डोळे मिटले. आईचा आवाज शेवटी शेवटी बारीक झाला होता, 'थोरली' म्हणताना 'थो' लांबायचा आणि 'का रे' जवळजवळ ऐकू यायचं नाही. मी तसं म्हणून दाखवलं.

 मग ताई म्हणाली, "पुन्हा म्हण."

पुन्हा म्हटलं.

"तिनं तीनदा विचारलं ना," ती म्हणाली. "अजून एकदा."

मी तिसऱ्यांदा म्हटलं, "थोरली आली का रे?" आणि ताई म्हणाली, "आले गं."